मिटल्या डोळ्यांची राखण

तुरुंगात माणूस डोळे मिटतो तो फक्त झोपताना, आणि तेव्हाही पाठ भिंतीला लावून. हे तिथलं पहिलं शहाणपण. ते कुणी शिकवत नाही, एखादा दात गमावून ज्याचा तो शिकतो. त्यामुळे नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी "आता सगळ्यांनी हळूच डोळे मिटा" असं म्हटलं, तेव्हा एकाही पापणीने त्यांना मान दिला नाही. सतरंजीवर बसलेले सगळे बाप्ये एकमेकांकडे टकामका बघत राहिले.

नर्सबाई म्हणजे सगळा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या बाई. गुडघे कामातून गेलेले, म्हणून त्या खुर्चीवर बसत. धोबीखान्याला लागून एक कोठी होती, फाटकी ब्लँकेटं आणि फिनेलचे डबे ठेवायची. ती त्यांना वर्गासाठी मिळाली होती. उंचावर जाळीची खिडकी, छताला कुरकुरणारा पंखा. बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "मी इथे कुणाला सज्जन करायला आलेली नाही. ते माझ्या आवाक्यातलं नाही. श्वासाकडे नीट लक्ष दिलं तर झोप बरी लागते, रक्तदाब उतरतो आणि हात उगारायच्या आधी हात उगारतोय हे कळतं. एवढंच मी पाहिलेलं आहे, एवढंच शिकवते."

कैद्यांनी वर्गाचं नाव 'नाकाची शाळा' ठेवलं. श्वास नाकातून आत, नाकातून बाहेर, दुसरा विषयच नाही. बहुतेक जण आले होते ते त्या कुरकुरत्या पंख्यासाठी. बाईंनाही ते ठाऊक होतं. पंख्यासाठी का होईना, माणूस येऊन बसतोय ना, असा त्यांचा हिशोब.

पण डोळ्यांचा तिढा सुटेना. शेवटी मास्तरने तोड काढली. मास्तर म्हणजे बाहेर गाडी चालवायला शिकवणारा गृहस्थ, वयाने सगळ्यांत थोर, बोलणं तोलून-मापून. तो म्हणाला, "बाई, गाडीतले सगळे झोपले तरी चालतं, ड्रायव्हर जागा हवा. आमच्यातला एक जण डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत बसेल. बाकीचे मिटतील."

"कोण बसेल?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांत आधी हात वर गेला तो इस्त्रीवाल्याचा.

तो बाहेर काही इस्त्रीवाला नव्हता, त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. इथे त्याला धोबीखान्यात दांडा ओढून दाबायच्या वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर घातलं होतं, म्हणून ते नाव चिकटलं. चादरी, टॉवेल, पहारेकऱ्यांचे सदरे असा दिवसभर रतीब. आला तेव्हा त्याचं डोकं असं होतं की, कुणी नजर रोखून बघितलं तरी हात चालायचा. त्यामुळे भेटीगाठी बंद, अंधारकोठडी, सगळं भोगून झालेलं. असा माणूस दुसऱ्यांच्या मिटल्या डोळ्यांची राखण करायला आपण होऊन पुढे आला, याचं सगळ्यांना बरं वाटलं. त्याला स्वतःला डोळे मिटायचे नव्हते, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरच्या आलं असावं, पण मास्तर ताकास तूर लागू देणारा नव्हता.

पुढे ती रीतच पडली. वर्ग भरला की इस्त्रीवाला दाराजवळच्या खांबाला टेकून बसायचा आणि बाकीचे पापण्या ओढून घ्यायचे. सुरुवातीला चोरून बघत, मग बघेनासे झाले. त्याने ते चेहरे निवांत पाहिले. दिवसभर कातडं ताणून बसलेली माणसं, डोळे मिटले की पार उतरायची, कुणाचा ओठ लोंबायचा, कुणाच्या गालावर आपोआप पाणी यायचं. म्हैस म्हणून एक आडदांड गडी होता. त्याला रोज भिंतीवर कपाळ आपटायची खोड, कपाळावर कायमचं टेंगूळ. काही महिन्यांत ते टेंगूळ बसलं. कुणी विचारलं तर म्हैस म्हणायचा, "आपटायचा विचार येतो की. आला की मी म्हणतो, ये बस. मग तो बसतो थोडा वेळ आणि जातो." म्हशीच्या तोंडून इतकं लांबलचक वाक्य याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

इस्त्रीवाल्यालाही उघड्या डोळ्यांनी का होईना, ती विद्या लागली. इस्त्रीचा दांडा खाली आणताना श्वास सोडायचा, वर नेताना घ्यायचा. एकदा एका उपटसुंभाने मुद्दाम धुतलेल्या चादरींवर मळकं पाणी सांडलं आणि दात काढले. इस्त्रीवाल्याच्या कानशिलात ठोके पडायला लागले, मूठ वळली. वळलेली मूठ त्याला दिसली. ती त्याने उघडली आणि चादरी परत धुवायला टाकल्या. त्याच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या त्या अशा सुधारलेल्या वागणुकीमुळेच.

भेटी म्हणजे आई. दुसरं कोण येणार? बाप आधीच वारलेला, लग्न झालेलं नव्हतं, आणि भाऊ त्याच्याच हातून गेला होता.

ते असं झालं होतं. दोघा भावांचं दुकान बापाने घालून दिलेलं, वर राहायला घर. एका दुपारी धाकट्याने सांगितलं की त्याला कारखान्यात काम मिळतंय, तो दुकान सोडणार. दोघांची वादावादी झाली. थोड्या वेळाने आई खाली आली तेव्हा धाकटा मोरीपाशी पडलेला आणि मोठा हातात पाना घेऊन उभा. मोठ्याने पोलिसांना सांगितलं, न्यायालयात सांगितलं, आईला सांगितलं: धाकट्याने आधी हात उचलला, झोंबाझोंबी झाली, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचं काही आठवत नाही. आणि यातला शेवटचा भाग त्याला स्वतःलाही खरा वाटत होता. अंधारी हा फार सोयीचा पडदा असतो. मागे काय आहे ते ओढणाऱ्यालाही दिसत नाही.

धाकट्याची बायको मात्र पहिल्यापासून एकच गोष्ट म्हणत होती. त्याच्या हाताला साबण होता. साबणाचे हात घेऊन कोण मारामारी करतं? तिचं कुणी मनावर घेतलं नाही. आईने तर तिला सरळ घराबाहेर काढलं, कडेवरच्या पोरीसकट. "नवरा गेला म्हणून काहीही बरळते," आई म्हणायची. "माझे दोन्ही लेक मला ठाऊक आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काही नाही." एक मुलगा गेलेला, दुसरा आत. उरलेल्याला धरून राहायचं तर तिला हे म्हणणं भागच होतं. ते ती इतक्या वेळा म्हणाली होती की त्यावरच आता तिचं घर उभं होतं.

महिन्यातून एकदा ती यायची. भेटीच्या खोलीत टेबलं ओळीने मांडलेली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, हात टेबलावर दिसतील असे ठेवायचा नियम. ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि सांगत राहायची: नळाला पाणी कमी येतं, दुकानाचं शटर गंजलं, जिन्याची एक पायरी हलते. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि पुढची भेट येईपर्यंत तेवढ्यावर काढायचा. त्या हलत्या पायरीवरूनसुद्धा तो मनातल्या मनात कितीदा तरी वर गेला होता.

मग एके दिवशी वर्गात मास्तर म्हणाला, "आज मी राखतो. इस्त्रीवाल्या, तू मीट."

"मला उघडेच बरे."

"दुसऱ्यांना किती दिवस झोपवणार? बस की जरा."

"बाई, या मास्तरला सांगा."

बाई चष्म्यावरून बघत होत्या. "मी कुणावर जबरदस्ती करत नाही," त्या म्हणाल्या. "वाटलं तर मीट, नको वाटलं की उघड. पण तू एकदाही डोळे मिटले नाहीस, हे मी पण बघते आहे."

सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्याने मिटले. म्हटलं, दोन मिनिटं ढोंग करू.

आधी नुसता काळोख होता आणि त्यात नाकाशी येणारा-जाणारा वारा. मग कुठून तरी नळाचा आवाज आला. त्याला वाटलं धोबीखान्यातला नळ, पण तो दुकानातल्या मोरीचा होता, बारीक धारेचा, पत्र्याच्या घमेल्यात पडणारा. मग साबण दिसला, ग्रीस काढायचा तो खरखरीत साबण. धाकटा वाकून हात धूत होता, पाठ इकडे. भांडण त्याच्यापुरतं संपलेलं होतं. त्याने कुठे हात उचलला होता? तो बोलायचं ते बोलून हात धुवायला गेला होता. मोठ्याने फळीवरचा पाना उचलला. मग तो खाली ठेवला आणि शेजारचा उचलला, वजनदार. अंधारी-बिंधारी कुठेच नव्हती. दुपारचं लख्ख ऊन होतं आणि दोन पान्यांतला चांगला कोणता हे ठरवायला त्याला पुरेसा वेळ होता. तेवढ्यात धाकटा मागे न बघता म्हणाला, "दादा, टॉवेल दे."

इस्त्रीवाल्याने डोळे उघडले. मास्तर दाराकडे बघत बसला होता. पंखा कुरकुरत होता.

त्या दिवसानंतर टॉवेलांचा गठ्ठा आला की त्याचे हात थांबायला लागले. नीट लागू लागलेली झोप गेली. वर्ग सुटल्यावर त्याने बाईंना गाठलं. "तुमच्या या विद्येने माझं वाटोळं केलं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"जे आठवत नव्हतं ते आठवलं."

बाईंनी काय आठवलं ते विचारलं नाही. "मी झोपेसाठी शिकवते," त्या म्हणाल्या. "पण झाकण उघडलं की आतलं वर येतं, कधी कधी नको तेही. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं. इस्पितळात सांगायचे मी, इथे राहून गेलं."

"आता काय करू?"

"ते मला नाही सांगता येणार. थोडे दिवस डोळे उघडे ठेवून बस. आणि काही करायचं झालंच तर घाबरून करू नकोस आणि संतापून करू नकोस. दोन्ही ओळखायला शिकला आहेस."

मास्तरला मात्र त्याने सगळं सांगितलं. न सांगून करतो काय, तो एकटाच विचारणारा होता. मास्तर ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. न्यायालयाचं झालं, शिक्षा तू भोगतो आहेस. आता हे कुणाला सांगायचं? आईला? ती थकलेली. एक मुलगा गेला, दुसराही तू तिच्याकडून काढून घेणार. आणि तुला तरी तिच्याशिवाय कोण आहे?"

हे त्याला पटलं. अगदी पूर्ण पटलं. त्यामुळे भेटीच्या दिवशी तो टेबलाशी बसला तेव्हा तोंडातून ब्रही काढायचा नाही, हे पक्कं होतं.

आई आली, पिशवी मांडीवर घेतली. पाण्याचं सांगितलं, पायरीचं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "परवा पोरगी आली होती."

"कुठली पोरगी?"

"त्याची. शाळेतून जाता-येता आपल्या दारावरूनच जाते ना. आता मोठी झाली. चाल अगदी त्याची, एक खांदा पाडून. रोज बघते मी पडद्याआडून. परवा सरळ वर आली. आजी, पाणी दे म्हणाली."

"मग?"

"मग काय. दार लावून घेतलं." आई टेबलाकडे बघत होती. "तिच्या आईने तुझ्यावर काय काय बोल लावले, मी विसरले नाही. खूप वेळ उभी होती पोरगी दाराशी. मी आतून कडीला हात लावून उभी. पण नाही उघडलं. तुझ्यासाठी नाही उघडलं."

त्याच्या छातीत काहीतरी चढायला लागलं आणि त्याने ते ओळखलं. ही भीती होती. तिच्या मागोमाग जुनं वाक्यही आलं, जिभेवर तयार, घासून गुळगुळीत झालेलं: अंधारी आली, आठवत नाही. त्याने त्याला येऊ दिलं. ते बसलं थोडा वेळ. त्याने श्वास सोडला, घेतला, पुन्हा सोडला. वाक्य गेलं. भीती काही गेली नाही, पण तिच्यासकट बोलता येईल असं त्याला दिसलं.

"आई, त्याने हात उचलला नव्हता."

"काय?"

"तो हात धूत होता. पाठ होती माझ्याकडे. मी एक पाना उचलला, तो ठेवला आणि मोठा घेतला. मला सगळं दिसत होतं."

आईने डोळे मिटले.

भेटीच्या खोलीत कुणी डोळे मिटत नाही. वेळ थोडा असतो, तो बघण्यात घालवायचा असतो. शेजारच्या टेबलावर एक बाळ रडत होतं, दाराशी पहारेकरी जांभई देत होता. इस्त्रीवाल्याने मात्र आपले डोळे उघडे ठेवले. सवयच होती. समोरचा चेहरा उतरत गेला, ओठ सैल पडले, म्हातारपण एकदम वर आलं, आणि तो तिची राखण करत बसून राहिला. हात लावायची परवानगी नव्हती. असती तरी त्याची छाती झाली नसती.

खूप वेळाने तिने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "साबण होता हाताला?"

"होता."

"काही बोलला तो?"

हे तरी गाळावं, असं त्याला फार वाटलं. "दादा, टॉवेल दे, म्हणाला."

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं नाही. पिशवी उचलली आणि उठली. पहारेकरी म्हणाला, "आजी, अजून वेळ आहे."

"माझं झालं," ती म्हणाली.

पुढच्या भेटीच्या दिवशी त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मास्तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. उलट वर्गात तो आपण होऊन खांबाला टेकून बसायला लागला आणि इस्त्रीवाला इतरांबरोबर सतरंजीवर. आता तो डोळे मिटायचा. मिटले की मोरी दिसायची, नळ ऐकू यायचा, दर वेळी. ते बसायचं थोडा वेळ आणि जायचं, मग परत यायचं. आपल्याला हलकं वाटेल अशी त्याची कुठेतरी आशा होती. तसं काही वाटलं नाही. फक्त आता जे होतं ते होतं, त्यावर पडदा धरून उभं राहायचं काम संपलं होतं. झोप तुकड्यातुकड्यांनी येत होती. आईची आठवण सगळ्यात जास्त संध्याकाळी यायची, आणि हलत्या पायरीपाशी येऊन थांबायची. वर जायचा हक्क आता उरला नव्हता.

तिसऱ्या भेटीचा दिवसही तसाच गेला. दुपार कलल्यावर भेटीच्या खोलीवरचा पहारेकरी आपला सदरा न्यायला धोबीखान्यात आला. सदरा घेतला, उलटून-पालटून बघितला आणि जाता जाता म्हणाला, "तुझी आई आली होती रे आज."

इस्त्रीचा दांडा वरच राहिला. "नाव नाही पुकारलं."

"आत आलीच नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर बसली होती. मी विचारलं, आजी, नाव लावू का? नको म्हणाली. भेटीची वेळ संपेपर्यंत बसली आणि गेली. मागच्या महिन्यातही तसंच केलं म्हणे. तेव्हा दुसरा होता ड्यूटीवर."

"एकटीच?"

"मागच्या वेळचं ठाऊक नाही. आज एक लहान पोरगी होती बरोबर." पहारेकरी बटणं मोजल्यासारखी चाचपत होता. "म्हातारी बसली होती डोळे मिटून. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली की काय. जवळ गेलो तर ती पोरगी मलाच दटावते. आजी झोपलेली नाही, म्हणाली, तुम्ही जा, मी बघते आहे तिच्याकडे."

पहारेकरी हसला आणि सदरा खांद्यावर टाकून निघून गेला.

इस्त्रीवाला तसाच उभा राहिला. पोरीला आजी मिळाली, हे त्याला कळलं. आई फाटकापर्यंत येते आणि तिथून पुढे तिचं पाऊल उचलत नाही, हेही कळलं. कदाचित कधीच उचलणार नाही. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. म्हशीने पलीकडून एकदा बघितलं आणि मान वळवून घेतली. गठ्ठ्यात टॉवेल अजून पुष्कळ होते. त्याने एक ओढला, झटकून सरळ केला आणि इस्त्रीवर पसरला.